सहावी फेरी

दर तीन वर्षांनी मी तोच कागद घेऊन
हार्लिंगनबाहेर, समुद्रबांधाच्या अलीकडे,
फ्राउकेच्या स्वयंपाकघरात.
साठ विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकोन.
‘मी लवकर धास्तावते.’
पेन न उचलताच ती म्हणते, पाचवा. नेहमीचा.
‘मला माणसांत बरं वाटतं.’ दुसरा.
मग थांबून : नाही, पहिला. खोटं कशाला.

पहिल्या फेरीआधी आठ महिने ती अंथरुणात होती.
तिसरीनंतर पुन्हा.
पाचवीच्या वेळी दार उघडायला
तिला इतका वेळ लागला
की मी सायकल वळवली होती.
तिचा भाऊ वीबे, गावभर हसवणारा,
एकदाच आजारी पडला.
त्याचा कागद आता मी आणत नाही.

‘तुमचे आलेख काय म्हणतात?’
मी सांगतो, धास्तावणाऱ्यांना तो परत परत गाठतो.
सरासरीनं.
‘सरासरीनं,’ म्हणत ती कॉफीत दूध ओतते,
जरा जास्तच.

‘आई म्हणायची, स्वभावाला औषध नाही.
नसेलही.
पण आपण बसलोय ती जमीन समुद्राखाली आहे.
ती कुणी वर उचलली नाही.
पंप चालतो. रात्रीचाही.
कधी बंद पडतो, मग तळघरात बूट तरंगतात.’

निघताना भिंतीवर दिसलं :
यंदाच्या कॅलेंडरला टाचणीनं जोडलेली चिठ्ठी,
तीन वर्षांनंतरचा मे महिना, पेन्सिलीनं,
माझं नाव.
‘विसरेन अशी धास्ती वाटते,’ ती म्हणाली,
आणि टाचणी आणखी आत दाबली.