तुमचे आठ, माझे आठ

गोंदारच्या वसतिगृहात पुन्हा वीज गेली
तेव्हा आम्ही सोडियम-पोटॅशियमच्या पंपापाशी होतो.
तीन बाहेर, दोन आत.
काडेपेटी चाचपत अंडुअलेम पुटपुटला,
"आपली गेली, पेशींची नाही."
मेणबत्तीच्या उजेडात
हृदय वहीत होतं त्याहून मोठं दिसू लागलं.

मग शर्ट काढून तो पलंगावर आडवा झाला.
आधी पाहा, मग हात लाव, मग बोटावर बोट वाजव,
कान सगळ्यात शेवटी.
मी दर वेळी कानापासूनच सुरू करायचे
आणि दर वेळी तो ओरडायचा,
"घाई! माणूस अजून पाहिलाच नाहीस तू."
बरगड्यांवरून यकृताची कड शोधत उतरले:
पोकळ, पोकळ, पोकळ,
मग भरीव.
बाकी तो ठणठणीत.
ठणठणीत माणसाकडून शिकायला फार मिळत नाही.

डिगॉक्सिनचं पान काही डोक्यात टिकेना.
औषध आणि विष, मध्ये एक पातळ भिंत.
मळमळ. मंदावलेली नाडी. आणि जग पिवळं दिसणं.
'पिवळं' एवढाच शब्द मी मनगटावर पेनानं लिहिला.
सकाळी साबणानंही पुरता गेला नाही.

खाट क्रमांक बावीस. मुलुवर्क.
वय एकोणीस, दबातच्याही वरच्या गावची.
लहानपणी घसा दुखून बरा झाला होता,
त्याची थकबाकी आता झडप फेडतेय.
काल उलट्या थांबेनात म्हणून दाखल.
मी तोंड उघडायच्या आत ती डाव्या कुशीवर वळली,
श्वास सोडला, रोखून धरला.
मग भुवईनं खुणावलं: अजून खाली.
"सगळे तिथंच चुकतात," श्वास घेत म्हणाली.
खाली गेले, आणि तिथं होतं ते.
दूरच्या घरात कुणी पहाटे जातं ओढावं
तशी घरघर,
छापील पानातून कधी ऐकू न आलेली.

नाडी धरली. ठोका, खंड, दोन ठोके, लांब खंड.
मिनिटाला चव्वेचाळीस.

"गोष्टी पिवळ्या दिसतात का तुला?"
ती हसली. शेजारची खाटही हसली.
मस्करेम महिना, नवं वर्ष लागून आठवडा झालेला,
खिडकीबाहेर सबंध डोंगर
अदे अबेबाच्या फुलांनी माखलेला.
"तुला नाही दिसत?" तिनं विचारलं.
मीही हसले, नळी गळ्यात टाकली, निघाले.
दोन खाटा ओलांडल्या.
तिसरीपाशी अंडुअलेमचा आवाज आला: घाई.

परत फिरले.
"आणि ही चादर?"
तिनं चादरीकडे पाहिलं.
माझ्या कोटाकडे पाहिलं.
चेहऱ्यावरचं हसू एकेक पायरी उतरत गेलं.
"तीही. मला वाटलं, इथं नीट धूत नाहीत."

उशाखालून कागद निघाला. गोळी एक. वेळ: आठ.
आमच्याकडे घड्याळ सूर्याबरोबर उठतं.
डॉक्टरांचे सकाळचे आठ म्हणजे तिच्या गावातले दोन,
आणि गावाचे आठ वाजतात
ऊन कलल्यावर, जेवणं उरकल्यावर.
"कुठले आठ, ते लिहिलं नव्हतं," ती म्हणाली,
"म्हणून एक तुमच्या आठला घेत होते,
एक माझ्या."
हे इतकं जपून म्हणाली,
जणू परीक्षा तिची होती
आणि काही राहून जायला नको होतं.

गोळी थांबली. रक्त तपासायला गेलं.
मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला,
अक्षर त्यांचंच होतं,
आणि काही न बोलता खिशात घातला.

त्या रात्री वीज होती.
"पंपापासून धरायचं?" अंडुअलेमनं विचारलं.
मी वहीत डिगॉक्सिनखाली
पुस्तकात नसलेली एक ओळ लिहीत होते.

पाचव्या दिवशी वॉर्डातून जाताना
मुलुवर्कनं हाक मारली.
"पांढरी झाली चादर," ती म्हणाली.
"आता डाग दिसतात."