लाल, दोन दारांची

पुण्याच्या डॉक्टरनं विकली, मी सावद्यात आणली.
लाल. दोन दारांची.
काका म्हणाले, "केळीचा एक घड बी मावनार नही, भो."
खरंय.

फैजपूरपर्यंत अकरा गतिरोधक.
प्रत्येक तिरका घेतो, श्वास आत ओढून,
जणू घासणार ते पोट माझंच.
इद्रिस मिस्त्री खाली सरकतो,
नुसत्या चपला बोलतात : "जपा. पार्ट मिळत नाही."

मेमध्ये पहाटे पाचला निघतो,
केळीच्या ट्रकामागे तिसऱ्यात रखडत.
रावेरकडे रस्ता एकदाचा मोकळा होतो.
चौथा.
पाचवा.
डावीकडे सातपुडा धावायला लागतो.

बाजूची सीट अजून मागेच सरकवलेली,
कुणा लांब पायांच्या मापाची.
खाली पावती सापडली : लोणावळा, दोन चहा.
फेकली नाही.
सीटही पुढे ओढली नाही.