पानी उरतं

एक काचेचा डबा, साडेतेरा हजारांचा,
आणि निळ्या झाकणाची मिठाची बादली.
बादलीवर छापलेला कुठल्यातरी परदेशातला समुद्र.
सीवूड्‌सच्या चौथ्या मजल्यावर ती लिफ्टने आणली
तेव्हा बाबांनी पेपर खाली केला.
"मीठ? इकत हानलंस?"

वीस वर्षं त्यांनी करावेच्या आगरात मीठ ओढलं.
टाचांच्या भेगा अजून पांढऱ्या आहेत.
जिथे तापवण्या होत्या तिथे आता
आपल्याच बिल्डिंगचं पार्किंग आहे, असं ते सांगतात.
कुठल्या खांबाखाली, ते रोज बदलतं.

वाशीचा दुकानदार जॉबिन म्हणाला होता, महिनाभर थांबा,
आधी पाणी पिकू द्या.
पण रिकाम्या पाण्याकडे महिनाभर कोण बघत बसतं?
आठव्या दिवशी मी दोन नारिंगी मासे सोडले.
नवव्या दिवशी एकच पोहत होता.
पाण्यात काही दिसत नव्हतं, काच तर लखलखीत.
मी नेरूळच्या लॅबमध्ये कामाला,
दिवसाला साठ माणसांच्या रक्तातलं सोडियम मोजते.
घरी अमोनिया मोजायचं किट
सीलसकट कपाटात.

मग दिवा. बारा-बारा तास चालू,
कारण पाहुणे यायचे रात्री, आणि निळं छान दिसायचं.
खडकांवर तपकिरी साय धरली, मग हिरवी दाढी.
मी टूथब्रशने घासायची, सोमवारी घासलेलं गुरुवारी हजर.
पाणी नळाचंच घालत होते, मोरबेचं.
आम्ही पितो ते. प्रवाळ काय आमच्याहून नाजूक?
(होतं.)

पांढऱ्या मिशांची कोळंबी आणली, एकच, साडेसातशेची.
आई म्हणाली, दिवाळ्याच्या बाजारात एवढ्यात वाटे येतात.
दहा दिवसांनी ती तळाशी आडवी, पारदर्शक.
मी रडले. टिश्यूत गुंडाळली.
आणि संध्याकाळी ती खडकामागून बाहेर आली,
जिवंत, नवी कोरी.
टिश्यूत होती ती तिची कात.

म्हणून पुढच्या वेळी मी रडले नाही.
कातच असेल म्हणून दोन दिवस तशीच राहू दिली.

तो मे होता. पंखा पाण्यावर रोखलेला,
पाणी रोज बोटभर खाली.
मी बादलीतलं मीठ कालवून भर घालायची, इमानदारीत,
खाऱ्यात खारंच ओतायचं ना?
मोजलं होतं पहिल्या दिवशी. काटा बरोब्बर होता.
पहिल्या दिवसाचा काटा मी चार महिने खरा मानला.

प्रवाळांनी तोंडं मिटली. ती दुर्गंधी.
बाबा कधी उठून आले कळलं नाही.
त्यांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली,
डोळे मिटून जरा थांबले, लॅबमधलं यंत्र थांबतं तसे.
"यो त आगर झाला गो पोरी.
पानी उरतं. मीठ रवतं."

चौथीत मी 'उरतं' लिहिलं होतं,
कुलकर्णीबाईंनी लाल पेनने 'उडतं' केलं.
पक्षी उडतात, पाणी उरतं,
बाई, दोन्ही वेगळं आहे, हे मला तेव्हा सांगता आलं नाही.
शुद्ध बोलायला लागले आणि
घरातला एवढा एक नियम माझ्याकडून उडून गेला.

त्या रात्री बाबांनी काचेवर पेन्सिलीने रेघ मारली.
सकाळी रेघेपर्यंत गोडं पाणी घालायचं, निव्वळ गोडं,
वाटी-वाटीने, दहा दिवस, घाई नाही.
दुसऱ्या दिवशी मी उठले तर ते टाकीशी उभे,
हातात रात्रभर भरून ठेवलेला तांब्या.
मी ओरडलेच, "बाबा, तांब्याचा नको!
तांबं उतरलं तर जे उरलंय तेही मरेल."
त्यांनी तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि निमूट स्टीलचं पातेलं घेऊन आले.

आता ते रोज बघतात. एक मासा आहे,
आणि नाण्याएवढं एक प्रवाळ, दुपारी उघडतं.
काचेच्या काठावर मिठाची कड धरते.
बाबा ती नखाने खरवडतात,
पेरूच्या फोडीला लावतात, चावतात.
"आपला नाय ह्या," म्हणतात,
आणि दुसरी फोड घेतात.