छातीच्या उंचीवर

फॉर्मात तीनच रकाने आहेत:
लाकूड, संवर्धन, करमणूक.
चोरलच्या पलीकडचं अडीच हजार हेक्टर रान
पाचच्या आत
मला त्यांत बसवायचं आहे.

फेब्रुवारी. सागाची पानं एवढी वाळलेली
की आपण चालावं आणि मागून
शंभर माणसं पापड मोडत येताहेत असं वाटावं.
नाकेदार गेंदालाल म्हणतो, हळू चला मॅडम,
इथे सगळ्यांना कळतं कोण आलंय.
तो हिंदीत बोलतो, मी मराठीत ऐकते.
इंदूरच्या कानाला एवढं जमतं.

टेप छातीच्या उंचीवर धरायची.
नियमात छाती म्हणजे एक मीटर सदतीस.
माझी त्याच्या बरीच खाली येते,
म्हणून काठीला खिळा ठोकलाय.
घेर एकशे बारा.
घेर अठ्ठ्याण्णव.
घेर एकशे चाळीस, पण आतून पोकळ,
गेंदालाल बोटाच्या पेराने वाजवून सांगतो,
ठेल्यावरचं कलिंगड पारखावं तसा.
लाकूड: शून्य.
तेवढ्यात ढोलीतून एक पिंगळा
झोपमोड झालेल्या हेडक्लार्कसारखा डोकावला,
आणि शून्य खोडून
मला शेजारच्या रकान्यात जावं लागलं.

करमणूक ओढ्यापाशी सापडली.
तीन दगड, गोवऱ्यांची राख,
मुंग्यांनी अर्धा नेलेला बाफला, शेवेची पाकिटं,
खडकावर चुन्याने 'सोनू', अधिक,
पुढचं नाव पाण्याने नेलेलं.
रविवारी अंदाजे दोनशे माणसं, असं लिहिलं.
मग आठवलं, एका वर्षी त्या दोनशेत आम्हीही होतो.
रामबागेतून टेम्पो केलेला.
आई साडी खोचून पाण्यात पाय सोडून बसली
आणि तीनदा हाक मारली तरी वळली नाही.
ते कितीला धरायचं?

वर, धावड्याखाली, झेतरीबाई डिंक काढत होती.
काय मोजतेस?
किंमत.
घेतंय कोण?
कुणी नाही, कागदासाठी.
मग ती हसली. हसताना तिचा विळा थांबला नाही.
एक खडा माझ्या तळहातावर ठेवला,
मधासारखा, आत सालीचा कपचा.
पावती द्यायची पद्धत नव्हती.

आणि मग कक्ष दोनशे चौदा.
नाल्याच्या वळणावरचा साग.
खोडावर सालीचे दोन जाड ओठ,
मधे कोरलेला आकडा, निम्मा गिळलेला:
चार, काहीतरी, नऊ.
हा नऊ मला माहीत आहे.
किराण्याच्या वहीत, माझ्या फीच्या पावत्यांवर,
गॅसच्या कार्डावर तो असाच पाठ फिरवून उभा असायचा.
मास्तरांनी छड्या मारल्या तरी सुधरला नाही, म्हणायचे बाबा.
बोरगावकर बाबू, मार्किंग क्लार्क, इंदूर डिव्हिजन,
खांद्याला पिशवी, पिशवीत कोरणी आणि भाकरी.

आकड्याखाली आणखी एक खूण असते,
तोडायचं की राखायचं.
तिच्यावर साल पूर्ण मिटली आहे.
गेंदालाल म्हणाला, खरवडून बघू?
मी नको म्हटलं.

झाडं शेंड्याला वाढतात.
चाळीस पावसाळे वर वर गेलं हे,
आकडा मात्र जिथे कोरला तिथेच राहिला,
माझ्या हनुवटीशी, बाबांच्या छातीशी.
ते काही फार उंच नव्हते.
पोरगी असताना मला वाटायचे.

साडेचार झाले होते.
फॉर्म गाडीच्या बॉनेटवर, त्यावर दगड.
मी टेप घेऊन दोन्ही हात टाकले खोडाभोवती,
गाल सालीला टेकला, तिला उन्हाचा वास होता,
पण मागे हात हाताला मिळेनात.
गेंदालाल पलीकडून आला,
काही न बोलता टेपेचं टोक माझ्या बोटांत दिलं.

एकशे अठ्ठ्याहत्तर, मी म्हटलं.
त्याने विचारलं, कुठे लिहू?