मण्याचं भोक

खडेबाजारात माझं चष्म्याचं दुकान,
म्हणून भिंग कायम हाताशी.
शनिवारी दुपारी मलगौडा येतो,
तंबाखूच्या डबीत कापूस, कापसात मणी.
"दोन हजार वर्षांचा, खरंच सांगालोय,
वडगावच्या शिवारात नांगराला लागला."
मागच्या खेपेला हाच मणी
कित्तूरकडच्या कुणा म्हातारीच्या गळ्यातला होता,
त्याआधी घटप्रभेच्या वाळूतला.

मी वाद घालत नाही. भोक बघतो.
मशिनचं भोक बोगद्यासारखं सरळ,
इकडून डोळा लावला की तिकडचा उजेड.
हातानं पाडणारा अर्ध्यापर्यंत जायचा,
मणी उलटा करायचा,
दुसऱ्या अंगानं पुन्हा सुरुवात.
मधे दोन्ही भोकं भेटतात ती जरा चुकूनच,
केसाएवढी पायरी राहते.
सुई तिथं अडखळते.
त्या अडखळण्याचे मी पैसे देतो.

तेही खोटं करता येतं म्हणे.
चहात उकळतात, शेणात पुरतात,
बोकडाला गिळायला लावून वाट बघतात.
हे मलगौडानंच सांगितलं, हसत हसत,
दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्यासारखं.

हा घेतलेला: अकीक,
करपल्या गुळाच्या रंगाचा, चिंचोक्याहून लहान.
दगड खंबायतेचा असेल.
घासला तिथंच, की वाटेत कुठं?
पहिल्यांदा ओवला कुणी,
आणि दोरा तुटला तेव्हा
बाकीचे कुठल्या बाजूला घरंगळले?
भोकात चिमूटभर माती अजून आहे.
खानापूरची तांबडी नव्हे, बैलहोंगलकडची काळी.
ती मी टोकरलेली नाही.
मणी स्वच्छ होईल,
पण मग विचारायचं कुणाला?

झाडायला येणाऱ्या दुंडव्वानं
काउंटरवरून तो उचलला, उजेडात धरला.
"मणि," ती म्हणाली. "याव ऊरिंदु?"
कुठल्या गावचा.
तिचा मणि आणि माझा मणी,
शेवटचा स्वर तेवढा तिच्याकडं आखूड.
मी म्हटलं, तेच तर कळत नाही.

तिनं मणी पदराला पुसला,
(माती! मी ओरडणारच होतो)
आणि परत ठेवत म्हणाली,
"असले दोन आमच्या म्हशीच्या गळ्यात हाईत."

भिंग माझ्या डोळ्यालाच राहिलं.
कुठून आणलीस, मी विचारलं.

ती केरसुणी उचलून थांबली.
"काय? म्हैस का मणि?"