तोच वास

खडेबाजारात, इराण्णाच्या दुकानात
मी बाटली उघडते, नाकाशी धरते.
"लावून बघा की अक्का," तो म्हणतो,
"वास काय घेताय? अत्तर न्हवं ते."

पण हा वास माझ्या ओळखीचा.
उद्यमबागेतून रोज संध्याकाळी
परशरामच्या शर्टातून घरी येतो,
दोनदा धुतला तरी बादलीत उरतो.
पेंट शॉपात सोळा वर्षं.
रात्री खोकल्याची उबळ आली की
तो मोरीत जाऊन खोकतो,
तेजल उठू नये म्हणून.

तेजल सात वर्षांची. नखं खाते.

लेबलवर मुंगीएवढी अक्षरं,
ना मराठी, ना कन्नड.
तीच एकेक जोडत वाचते: टो-लु-ईन.
"आई, हे काय असतंय?"
"पप्पांच्या कामावरच्या डब्यात असतंय ते."
ती बाटली स्वतःच परत ठेवते.

शेवटी घेतली पाण्यात कालवलेली, फिकी गुलाबी.
तिप्पट दाम, वर इराण्णाची खात्री,
"दोन दिवसांत निघतंय बघा हे."

निघू दे.
सोमवारी शाळेत तशीही चालत नाही.

घरी परशराम हात पुढे करतो.
नखांच्या कडांना राखाडी रंग, कशानंच न जाणारा.
तेजल त्याची करंगळी घट्ट धरते
आणि जीभ बाहेर काढून
ब्रश फिरवत राहते.