घरचं टपाल

उत्तर वेल्समधलं आमचं गाव, खाणीचं.
छपरं पाटीच्या दगडाची, कुंपणं त्याचीच,
थडग्यांवरची नावंही त्याच दगडात.
इतकी पाटी गावात, पण कोरी एकही नाही.

चॅपलच्या मागच्या खोलीत, दर मंगळवारी, आम्ही नऊजण.
रॉकेलच्या शेगडीचा वास, ओले कोट.
लिनेदने प्रत्येकाच्या तळहातावर
एकेक बेदाणा ठेवला. म्हणाली, नुसतं बघा.
एम्लिनने बघायच्या आधीच गिळला.
चाळीस वर्षं दगड चिरलेला माणूस,
"आणखी एक मिळेल का?" म्हणाला.
कुणीतरी खुदकन हसलं.
ते मी हसले होते,
हे मला घरी जाताना पुलावर कळलं.

तीनदा येऊन गेलंय ते माझ्याकडे.
एकोणिसाव्या वर्षी. मग गेथिन झाल्यावर.
आणि तिसऱ्यांदा काहीच कारण नसताना, ऐन जूनमध्ये,
उजेड रात्री दहापर्यंत हटत नव्हता तेव्हा.
कारण नसलं की लाज जास्त वाटते.
डॉक्टर म्हणाल्या,
आता त्याला तुमच्या घरची वाट पाठ झालीय, मेरेरिद.
आपण वाटेवर लक्ष ठेवू.

दुसऱ्या मंगळवारी सतरंजीवर आडवं होऊन
डाव्या पायाच्या अंगठ्यापाशी जायचं होतं.
मी गेले. तिथे काही नव्हतं.
मग ओला मोजा होता.
एम्लिन घोरत होता.

लिनेद म्हणाली, विचार म्हणजे खरी गोष्ट नव्हे,
विचार म्हणजे विचार.
माझं डोकं सणकलं. म्हटलं, माझे खरे असतात.
तिने वाद घातला नाही.
"राग अंगात कुठे आहे?"
जबड्यात.
"तिथे जरा थांबता येईल?"
थांबले. बरं वगैरे काही वाटलं नाही.
पण जबडा जबड्याएवढाच होता,
मला वाटत होतं त्याहून बराच लहान.

सहाव्या मंगळवारी हेलेद आली नाही.
कुणी विचारलं नाही. खुर्चीही कुणी उचलली नाही.
आम्ही श्वास मोजायच्याऐवजी
सगळे तिच्या खुर्चीकडेच बघत होतो,
लिनेदसुद्धा.
पुढच्या आठवड्यात ती ओल्या केसांनी आली, बसली,
आणि एम्लिनने आपला चहा तिच्याकडे सरकवला.
मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला,
"छिन्नी ठेवायच्या आधी दगडाकडे बघायचं असतं,
नस कुठून जाते ते.
तेवढंच ना हे?"
लिनेद म्हणाली, तेवढंच.

शेवटी खुणा लिहायच्या होत्या,
ते परत येऊ लागलं तर कशावरून ओळखाल.
इतरांनी लिहिलं: झोप. दारू. फोन न उचलणं.
मी लिहिलं: घरचं टपाल.
चारशे बारा दारांत पाकिटं टाकते मी,
कुठल्या दारामागे कुत्रा, कुठल्या दारामागे नुसतीच वाट बघणं,
सगळं ठाऊक,
आणि स्वतःच्या दाराआत पडलेली
पायाने भिंतीकडे सारते.

ते पुन्हा येणार नाही, असं कुणीच म्हणालं नाही.

फेब्रुवारी. चढावरचं अकरा नंबरचं फाटक.
पिशवी अचानक दुप्पट जड, आणि कानाशी ओळखीचा आवाज:
तुझ्याच्याने होत नाही, कधी झालंच नव्हतं.
फाटकाला हात टेकून उभी राहिले.
गार लोखंड. नाकात येणारी हवा, तीही गार.
वर टेकाडावर मेंढ्या, एकीच्या पाठीवर निळा रंग.
तीन मिनिटं, किंवा दोन.
आवाज तिथेच होता.
मी बारा नंबरकडे गेले.

संध्याकाळी बूट न काढता
भिंतीकडच्या ढिगातलं सर्वांत वरचं पाकीट उघडलं.
चष्म्याच्या दुकानातून: डोळे तपासायची वेळ झाली आहे.
तारीख कधीच उलटून गेली होती.

फोन केला.
गुरुवार, सव्वातीन.
बाकीची पाकिटं अजून तिथेच आहेत. मोजली. सतरा.